शून्य गुणांची खेळाडू

श्रावणातल्या एका संध्याकाळी आमची नात शाळेतून आली ती दप्तर कोपऱ्यात टाकून सरळ गच्चीवर निघून गेली. स्वयंपाकघरात थालीपीठ लागले होते. थालीपिठाचा वास आला असताना ही मुलगी गच्चीवर जाते म्हणजे काहीतरी मोठे बिनसले आहे, हे ओळखायला ज्योतिषी नको होता. आमच्या सौभाग्यवतींनी मला नजरेनेच हुकूम केला. मी गुडघे सावरत वर गेलो.

"काय झाले ग?"

"आजोबा, मला बास्केटबॉलच्या टीममधून बहुतेक काढणार आहेत. आम्ही पंधरा जणी आहोत. स्पर्धेला बाराच न्यायच्या. सरांनी आज वहीतून सगळ्यांचे पॉइंट वाचून दाखवले. माझ्यापुढे दोन. तेही मागच्या महिन्यातले."

आता मी पडलो जन्माचा तपासनीस. १९७२ साली पिंपरीच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात चिकटलो तो २००८ साली निवृत्त होऊनच बाहेर पडलो. छत्तीस वर्षे हातात मायक्रोमीटर आणि पुढ्यात नोंदवही. अशा माणसाला एक वाईट खोड जडते. जे वहीत नाही ते जगातही नाही, असे त्याला वाटू लागते. त्या खोडीला जागून मी म्हणालो, "मग तू पॉइंट का करत नाहीस?"

ती थोडा वेळ निगडीच्या दिव्यांकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "मी पॉइंट करायला गेले तर माझे दुसरे काम कोण करणार?"

मला वाटले, ही एक सबब. मी तिची समजूत घालून तिला खाली आणले. पण रात्री मला झोप लागेना. ते "दुसरे काम" माझ्या कानात राहिले, आणि त्या दोन शब्दांमागून एक जुना चेहरा वर आला. त्या चेहऱ्याची गोष्ट मी पुढे सांगणार आहे. आधी खेळाचे सांगतो.

बास्केटबॉलचा जन्म १८९१ सालचा. अमेरिकेत स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नाइस्मिथ नावाच्या शिक्षकाने, हिवाळ्यात मुलांना घरात खेळता यावे म्हणून, व्यायामशाळेच्या सज्जाला पीचची फळे ठेवायच्या दोन टोपल्या ठोकल्या. टोपलीत चेंडू गेला की गुण, इतके सोपे. आणि सगळा घोटाळाही तिथेच. मैदानावर एका बाजूच्या पाच जणी असतात, चेंडू एकीच्याच हातात असतो, आणि टोपलीत टाकणारीच्याच नावापुढे गुण चढतात. बाकीच्या चौघी त्या वेळी काय करत होत्या, ते वही विचारत नाही.

हा अन्याय काही बास्केटबॉलचाच नाही. मी चौदा वर्षांचा असताना, १९६४ च्या जानेवारीत, मद्रासला इंग्लंडविरुद्ध कसोटी चालू होती. आम्ही पुण्यात वाड्यात राहत होतो, आणि वडील रेडिओला कान लावून बसले होते. बापू नाडकर्णी गोलंदाजी करत होते. नाडकर्णी नाशिकचे, पण पुणे विद्यापीठाकडून खेळलेले आणि रणजी सामन्यांत पदार्पण महाराष्ट्राकडून केलेले, म्हणून वाड्यातल्या मंडळींना ते घरचेच वाटत. षटकामागून षटक निर्धाव जात होते. ओळीने एकवीस निर्धाव षटके! डाव संपला तेव्हा त्यांच्या नावापुढे आकडे होते: ३२ षटके, २७ निर्धाव, ५ धावा आणि बळी शून्य.

मी म्हणालो, "म्हणजे एकही विकेट नाही."

वडील पोस्टात कारकून होते. आयुष्यभर बेरजा तपासलेला माणूस. ते म्हणाले, "अरे, त्याच डावात चंदू बोर्डेने अठ्ठ्याऐंशी धावांत पाच गडी बाद केले. एका टोकाला धावच निघत नाही म्हटल्यावर फलंदाज दुसऱ्या टोकाला हात मोकळे करणार की नाही? त्या पाचांत बापूचे किती, ते कुठे लिहायचे? त्याला रकानाच नाही."

वडिलांचे म्हणणे सिद्ध करता येण्यासारखे नव्हते. सामना शेवटी अनिर्णीत राहिला, आणि इंग्लंडचे फलंदाज जरा जास्तच दबकून खेळले असेही लोक म्हणाले. पण नाडकर्णी ४१ कसोटी खेळले आणि सबंध कारकिर्दीत षटकामागे त्यांनी १.६७ धावाच दिल्या. एका दिवसाची गंमत असती तर ती ४१ कसोट्या टिकली नसती. "रकानाच नाही" हे वडिलांचे शब्द मात्र माझ्या डोक्यात राहिले, आणि ऐन वेळी मला आठवले नाहीत. ते कसे, तेही पुढे येईल.

दुसऱ्या दिवशी मी मुलाला पकडले. तो चाकणला मोटारीच्या कारखान्यात आहे. त्याच्या पाळ्या सांभाळता सांभाळता आमच्या घरातल्या जेवणाच्या वेळा केव्हाच कोलमडल्या आहेत. त्याने संगणकावर शोधून मला शेन बॅटिए नावाच्या अमेरिकन खेळाडूची हकिगत वाचायला दिली. मायकेल लुइस या लेखकाने २००९ साली न्यूयॉर्क टाइम्सच्या पुरवणीत त्याच्यावर मोठा लेख लिहिला होता.

हा बॅटिए उंचीने सहा फूट आठ इंच, पण त्या खेळात ती काही मोठी मिजास नव्हे. सबंध कारकिर्दीत त्याचे गुण सामन्यामागे सरासरी नऊसुद्धा भरत नाहीत. आणि तरीही तो ज्या संघात जाई तो संघ जिंकू लागे. २००१ साली तो मेम्फिसच्या संघात आला. पहिल्या हंगामात त्या संघाने ८२ पैकी २३ सामने जिंकले, तिसऱ्या हंगामात ५०. २००६ साली तो ह्यूस्टनला गेला. आदल्या हंगामात ३४ सामने जिंकलेला तो संघ ५२ वर पोहोचला आणि त्याच्या पुढच्या हंगामात ओळीने २२ सामने जिंकला. पुढे मायामीच्या संघाबरोबर २०१२ आणि २०१३ साली त्याने अजिंक्यपदही मिळवले.

याचे सगळे श्रेय त्या एकट्याला द्यावे असे नाही. ह्यूस्टनचे मोठे खेळाडू आदल्या हंगामात दुखापतींनी बेजार होते, आणि ते बरे होऊन परतले हेही कारण होतेच. पण ह्यूस्टनच्या व्यवस्थापकांनी, डॅरिल मोरी यांनी, त्याला मुद्दाम आणले होते ते आकडे पाहून. मात्र ते आकडे गुणांचे नव्हते. बॅटिए मैदानात असताना संघाचे काय होते आणि तो बाहेर बसल्यावर काय होते, याचे ते आकडे होते.

ही रीत अगदी साधी आहे. गृहिणीला दुधाचा हिशेब येतो तितपत गणित आले की पुरे. समजा, एखादी मुलगी मैदानात उतरली तेव्हा आपले गुण १२ आणि समोरच्यांचे १५. ती बाहेर आली तेव्हा आपले २४ आणि त्यांचे २१. म्हणजे ती आत असताना आपण १२ मिळवले, त्यांनी ६. तिच्या नावापुढे लिहा: अधिक सहा. तिने स्वतः टोपलीत चेंडू टाकला की नाही, हे विचारायचेच नाही. कॅनडातल्या बर्फावरच्या हॉकीत १९५० च्या दशकातच असा हिशेब ठेवू लागले होते. अमेरिकेच्या बास्केटबॉल महासंघाच्या अधिकृत गुणपत्रकात तो २००७–०८ च्या हंगामापासून छापला जातो.

झाले! माझ्या हातांना पुन्हा काम मिळाले. दोनशे पानी वही आणली, पट्टीने रेघा मारल्या, आणि पुढच्या रविवारी सकाळी प्राधिकरणातल्या मैदानाच्या कडेला घडीची खुर्ची टाकून बसलो. यादी लागायला पाच रविवार होते, आणि दर रविवारी एक सरावाचा सामना. मुलींच्या आयांनी मला सरकारी निरीक्षक समजून चहासुद्धा दिला.

पाच सामने झाल्यावर मी बेरजा मांडल्या. पाचपैकी चार सामन्यांत नात आत असताना आमचा संघ पुढे होता आणि ती बाहेर असताना मागे. मला कोण आनंद झाला! वही काखेत मारून मी सरांकडे गेलो. सर तरुण, शांत स्वभावाचे. त्यांनी पाने नीट उलटली आणि म्हणाले, "आजोबा, मेहनत छान आहे. पण ती बहुतेक वेळ आमच्या कॅप्टनबरोबर खेळते. कॅप्टन आत असली की संघ पुढे असतोच. मग हे अधिक कोणाचे? तिचे, की कॅप्टनचे?"

मी खुर्चीतच थिजलो. छत्तीस वर्षे हेच तर मी लेथवरच्या पोरांना सांगत आलो होतो. माल बिघडला तर यंत्राला दोष देण्यापूर्वी लोखंड बदलले का ते बघा, पाळी बदलली का ते बघा. आणि नातीच्या मायेपोटी पहिल्याच परीक्षेत मी स्वतः नापास!

घरी येऊन विचार करत बसलो. तेव्हा किराण्याच्या बिलाने वाट दाखवली. समजा, एका बिलात दोन नारळ आणि एक किलो साखर मिळून १२० रुपये झाले. दुसऱ्यात एक नारळ आणि एक किलो साखर मिळून ८५. दुकानदाराने सुटा भाव सांगितलेला नाही. तरी दोन्ही बिले शेजारी ठेवली की कळते, नारळ ३५ चा आणि साखर ५० ची. खेळातही तसेच. पाच जणींचा प्रत्येक संच मैदानात जितका वेळ असतो, तितके एक बिल. वेगवेगळ्या संचांची पुष्कळ बिले जमवली तर एकेकीचा सुटा भाव काढता येतो. अर्थात खेळाची बिले किराण्याच्या बिलांसारखी चोख जुळत नाहीत, त्यांत दैवाचाही भाग असतो. म्हणून सगळ्या बिलांशी मिळून कमीत कमी चूक होईल असा भाव काढायचा. ही कमीत कमी वर्गांची रीत लजांद्र या फ्रेंच गणितज्ञाने १८०५ साली छापली, ती धूमकेतूंच्या कक्षा काढण्यासाठी. डॅन रोझेनबॉम या अर्थशास्त्रज्ञाने २००४ साली तीच बास्केटबॉलला कशी लावायची ते लिहून दाखवले.

माझ्याकडे पाचच सामने होते, धूमकेतूचे गणित मांडावे इतका मसाला नव्हता. मी आपले चार ढीग केले: दोघी आत; कॅप्टन आत आणि नात बाहेर; नात आत आणि कॅप्टन बाहेर; दोघीही बाहेर. दोघी बाहेर असताना आमच्या संघाची दाणादाण, हे सांगायला नको. नात एकटी आत असताना थोडे उणेच. म्हणजे ती काही चमत्कार नव्हती. पण कॅप्टन एकटी आत असताना जेमतेम बरोबरी, आणि दोघी मिळून आत असताना मात्र ठळक अधिक. सरांचे म्हणणे अर्धे खरे होते. कॅप्टनमुळे संघ पुढे जात होता, पण नात शेजारी असली तरच.

का? याचे उत्तर वहीत नव्हते. बिल भाव सांगते, नारळ गोड का ते सांगत नाही. म्हणून पुढच्या सरावाला मी वही घरी ठेवली आणि चेंडूकडे न पाहता फक्त नातीकडे पाहिले. सोपे नाही हो ते! डोळे आपोआप चेंडूमागे धावतात. दहा मिनिटांनी मला दिसू लागले. कॅप्टन चेंडू घेऊन निघाली की ही मुलगी दोन पावले बाजूला जाऊन अशी उभी राही की कॅप्टनमागे धावणारी मुलगी हिच्यावरच येऊन अडे. तेवढ्यात कॅप्टन मोकळी. नेम चुकून चेंडू टोपलीवरून परत उसळला की ही चेंडूकडे हात करत नसे. समोरच्या संघातल्या सर्वांत उंच मुलीला पाठीने अडवून उभी राही, आणि चेंडू आपल्यातली कोणीतरी सहज उचले. त्या उचलणारीच्या नावावर नोंद होई. हिच्या नावावर फक्त कोपराचे निळे डाग, जे मी महिनाभर आमच्या घरात पाहत होतो आणि "नीट खेळत जा ग" म्हणून तिलाच रागवत होतो.

आता त्या जुन्या चेहऱ्याविषयी.

आमच्या कारखान्यात, लेथच्या ओळीत, एक मदतनीस होते. सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांना स्वतःचे यंत्र नव्हते. ते ओळीतून फिरत, कोणाचे हत्यार धार लावून आणत, कोणाच्या यंत्राचा आवाज बदलला की "थांब रे जरा" म्हणत, नव्या पोराचा गेज धरायचा हात सरळ करत. एका वर्षी साहेबांनी मला विचारले, या ओळीत कोण किती नग काढतो त्याचा तक्ता द्या. मी दिला. सुबक अक्षरात, तांबड्या शाईने बेरजा करून. प्रत्येक कारागिरापुढे आकडा होता. मामांपुढे शून्य. तक्ता अगदी अचूक होता. महिन्याभरात मामांना मालधक्क्यावर पाठवले.

आमच्याकडे तेव्हा नियंत्रण-आलेख ठेवत. वॉल्टर श्यूहार्ट या अमेरिकन माणसाने १९२४ साली काढलेली ही युक्ती. मालाच्या मापात थोडी चढउतार नेहमीच होत असते, तिच्यामागे धावू नये. पण ठिपका ठरलेल्या दोन रेघांच्या बाहेर गेला तर समजावे की काहीतरी खरेच बदलले आहे. आमचे ठिपके बाहेर जाऊ लागले. नाकारलेल्या मालाचा डबा पाळी संपण्याआधीच भरू लागला. आम्ही लोखंड तपासले, तेल तपासले, यंत्रांचे पाय तपासले. दोन महिन्यांनी मी तारखा शेजारी शेजारी मांडल्या आणि मला घाम फुटला. पहिला ठिपका बाहेर गेला तो मामा गेल्यानंतरच्या आठवड्यात.

मी साहेबांना सांगितले. त्यांनी मामांना बोलावणे पाठवले. पण मालधक्क्याच्या ओझ्यांनी पाठ धरली म्हणून मामा आधीच हिशेब घेऊन गावी गेले होते. ते परत आले नाहीत. मी त्यांना पत्र लिहायचे ठरवले होते. काय लिहावे ते न सुचल्याने ते राहून गेले. "त्याला रकानाच नाही" असे सांगणाऱ्या बापाचा मुलगा मी, आणि रकाना न आखता बेरीज करून मोकळा झालो होतो.

म्हणून मी दुसऱ्यांदा सरांकडे गेलो. चार ढीग दाखवले, आणि स्वतःच सांगून टाकले की पाच सामने म्हणजे फार थोडे झाले. इतक्या थोड्यात नाणेसुद्धा पाचपैकी चार वेळा छाप दाखवू शकते. "या आकड्यांवर तुम्ही तिला घ्या असे मी म्हणत नाही," मी म्हणालो. "फक्त एक सामना चेंडू सोडून तिच्याकडे बघा. मग काढायचे तर काढा. मी एक शब्द बोलणार नाही." आणि का कोण जाणे, मामांची गोष्टही सांगितली.

सर काही बोलले नाहीत. पण पुढच्या रविवारी ते शिट्टी सहकाऱ्याकडे देऊन कडेला उभे राहिले, आणि त्यांची नजर चेंडूवर नव्हती हे मी माझ्या खुर्चीतून पाहिले.

यादी लागली. बारावे नाव आमच्या नातीचे होते. स्पर्धेत संघ पहिला सामना जिंकला आणि दुसरा हरला. नातीने दोन्ही सामन्यांत मिळून एकही गुण केला नाही, आणि दोन्ही वेळा घरी येऊन थालीपिठे मात्र चार चार खाल्ली.

नवरात्रात सर आमच्याकडे फराळाला आले होते. त्यांनी पिशवीतून आपली वही काढून माझ्यापुढे धरली. गुण, पास, रिबाउंड, फाउल असे जुने रकाने होते, आणि शेवटी हाताने आखलेला एक नवा. आत अधिक-उणेचे आकडे आणि शेजारी बारीक अक्षरात टिपणे: "अडवून उभी राहिली", "वाट मोकळी केली", "ओरडून सावध केले". वरची चौकट तेवढी कोरी होती.

"याला नाव काय द्यावे ते सुचेना," सर म्हणाले.

मी खिशातले पेन काढले, आणि छत्तीस वर्षांच्या सवयीच्या सुबक अक्षरात त्या चौकटीत लिहिले: मामा.